नाडाछडीचा ग्लास वेगळा

पहाटे 5.40

गंगापूर धरणाकडचा रस्ता. फेब्रुवारीची थंडी अजून उतरलेली नाही. मामा टेम्पोच्या फाळक्यावर बसून चहा पितायत. त्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांच्याहून मोठा असलेला आचारीसुद्धा. पन्नाशी उलटलेली, गाव दिंडोरी तालुक्यात. आज इथल्या रिसॉर्टवर लग्न. विधी सकाळी, रिसेप्शन संध्याकाळी. मामांकडे बार.

मुलीकडच्यांनी बजावलंय, व्हिस्की, बिअर काही नको. फक्त स्पार्कलिंग वाइन, तीही नाशिकची. तिचं काय नवीन करून दाखवायचं ते दाखवा. "बरंय," मामा म्हणतात, "भांडणं कमी होतात."

6.15

माल उतरतो. बाराच्या चार पेट्या, म्हणजे 48 बाटल्या. बाटलीला हजाराच्या आसपास. फ्रेंच आणली असती तर एकीच्या पैशात इथल्या पाच-सहा येतात. 240 ग्लास भाड्याचे. फुटला तर नगाला 150 रुपये, आणि ते मामांच्या हिशोबातून कापले जाणार. बर्फाच्या गोण्या दुपारी येतील. आत्ता आणून काय उपयोग, दहापर्यंत पाणी.

हिशोब मामांच्या तळहातावर पेनाने लिहिलेला आहे. पाहुणे 180. पिणारे निम्मे धरायचे. बाटलीत 750 मिली. नेहमीचे सहा ग्लास, टोस्टचे सात.

7.00

ग्लास धुणं. हे काम सकाळभर चालतं, आणि मला वाटतं खरं काम हेच आहे. साबणाचा अंश राहिला की फेस बसतो, म्हणून शेवटचं पाणी नुसतं गरम. मग ग्लास बादलीच्या वाफेवर धरायचा आणि सुती फडक्याने पुसायचा. बुडखा एका फडक्याने, पेला दुसऱ्याने. हाताला दोन पोरं आहेत, दिवसाचे सातशे घेणारी. त्यातला एक ग्लास पालथे घालून मोकळा होतो. मामा त्याला बोलावतात.

"अरे, पुसल्याशिवाय ठेवू नको. बुडबुडे कुठून येणार?"

मला थट्टा वाटली. पण ती थट्टा नाही. फडक्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू काचेला चिकटून राहतात. त्यांच्या पोकळीत हवा अडकते आणि वाइनमधला वायू तिथे गोळा होऊन वर सुटतो. काच अगदी कोरी असेल तर ग्लासात जवळपास काहीच हलत नाही. मामा पूर्वी एका वायनरीत बाटल्या फिरवायच्या कामावर होते, तिथल्या साहेबाने त्यांना हे सांगितलं. बाटल्या फिरवणं म्हणजे मान खाली करून ठेवलेली प्रत्येक बाटली रोज थोडी वळवायची, आतला गाळ बुचाशी येईपर्यंत. आता ते मशीन करतं.

11.20

मुहूर्त जवळ आला. बारवर पांढरी चादर. एक दिवसाच्या परवान्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून मागच्या बाजूला चिकटवलाय, अधिकारी आला तर हाताशी. मंगलाष्टकं सुरू होतात. मामा चप्पल काढून उभे राहतात, अक्षता टाकतात आणि परत ग्लासांकडे.

1.30

जेवणाची पंगत. नवऱ्याचे मित्र मामांना गाठतात. संध्याकाळी बाटलीचं तोंड तलवारीने उडवायचंय, आणि तलवार कशाला, नवऱ्याच्या हातातली कट्यार आहेच.

"ती पूजेची आहे," मामा म्हणतात. "मी माझं आणलंय."

बर्फ आला. 25 किलोच्या सहा गोण्या, गोणीला 250. पिंपात निम्मा बर्फ, निम्मं पाणी, वर मूठभर जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटली नीट टेकत नाही, पाण्यात अर्ध्या तासात गार होते. बाहेर ऊन तापलंय. कोमट बाटली उघडली तर तिसरा हिस्सा जमिनीवर जातो, आणि ती जमीन पुसायला परत मामाच.

3.40

मनोरा. हा सगळ्यात मोठा तमाशा. मामा पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढतात. टेबलाच्या एका पायाखाली पत्रिकेची घडी जाते. मग पसरट पेले, कडेला कड लावून, पाच बाय पाच. त्यावर सोळा, नऊ, चार, एक. एकूण 55. वरचा प्रत्येक पेला खालच्या चारांच्या कडांवर उभा. पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात एक पोरगं फुटबॉल घेऊन दोनदा येऊन जातं.

"मनोरा हवेने पडत नाही," मामा म्हणतात, "मामाच्या पोराने पडतो." त्यांच्या म्हणण्यातला मामा म्हणजे नवरीचा.

4.45

पाहुणे झोपून उठले. पहिली फेरी: नागपुरी संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग, निम्मं-निम्मं. दुसऱ्या थाळ्यात कोकम, तळाला चमचाभर आगळ आणि साखरेचा पाक, वरून वाइन. रंग असा चढतो की फोटोवाला थाळा दोनदा मागे बोलावतो. ग्लासात बर्फ नाही, गोठवलेली द्राक्षं टाकलीत. वाइन पातळ होत नाही. द्राक्षं मामांच्या बागेतली, थॉम्सन. त्यांचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "आठ किलोचं काय बिल करायचं." मला हे पटलं नाही, पण त्यांचा माल.

न पिणाऱ्यांना तसल्याच ग्लासात कोकम सोडा. ओळखायचं कसं? दांडीला नाडाछडी बांधलेली. नवरीची आजी असा एक ग्लास घेऊन सगळ्या फोटोंत उभी आहे.

एक काका शॅम्पेन मागतात. शॅम्पेन म्हणजे फक्त फ्रान्सच्या त्या प्रांतातली, हे मामांना ठाऊक आहे. नारायणगावला 1980च्या दशकात आपल्याकडची पहिली अशी वाइन झाली, हेही ठाऊक आहे. ते "घ्या ना" म्हणून ग्लास देतात. नंतर मला हळूच: "पाहुण्याला नावं शिकवायचे पैसे नाही मिळत."

7.50

नवरा-नवरी मनोऱ्याशी. खालच्या तीन थरांत मामांनी दहा मिनिटांपूर्वीच अर्धी-अर्धी ओतून ठेवलीय. नाहीतर सगळा मनोरा भरायला नऊ बाटल्या, आणि वरून ओतत बसले तर जेवण थंड. दोघं दोन बाटल्या ओततात, वाइन पायऱ्यापायऱ्याने उतरते, टाळ्या. त्या चिकट पेल्यांतून कोणी पीत नाही. पिण्याचे ग्लास मागून थाळ्यांतून निघालेत.

मग तलवार. मामांची तलवार म्हणजे जाड पाठीची सुरी, धार नसलेली. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट. बाटलीची मान बर्फात पालथी धरून गार केलेली. समोरची माणसं बाजूला केली. काचेच्या सांध्यावरून सुरी सरकवायची, वर ओठाला एक ठोका. टक्. बूच गळपट्टीच्या काचेसकट लॉनवर. बाकीच्या बाटल्या मात्र मामा आवाज न करता उघडतात. बूच धरून बाटली फिरवायची, नुसता उसासा ऐकू येतो.

लॉनवरचा काचेचा तुकडा शोधायला पोराला बॅटरी दिली. तो सापडेपर्यंत लहान मुलांना तिकडे सोडलं नाही.

11.30

मोजणी, काम देणाऱ्या शेठसमोर. सात बाटल्या शिल्लक, पेटीत परत. 240 पैकी 237 ग्लास. तीन गेले, साडेचारशे. मामांचे ठरलेले अडीच हजार.

"शेठ, एक तर कॅमेरावाल्याने पाडला."

"मग त्याच्याकडून घ्या."

मामा कॅमेरावाल्याकडे बघतात. तो जमिनीवर मांडी घालून वायरी गुंडाळतोय, ताटात थंड पुरी. मामा काही बोलत नाहीत. 2,050 मोजून घेतात.

12.10

ओली फडकी मोजायची राहिली होती. अठरा हवीत, सतरा भरतात. पोरं टेम्पोत झोपलीत. मामा बॅटरी घेऊन परत मांडवात जातात. अठरावं आजीच्या खुर्चीवर सापडतं, त्यात गुंडाळलेला नाडाछडीचा ग्लास. म्हणजे 238. मामा शेठना हाक मारतात, पण शेठची गाडी गेटबाहेर पडलीय.