मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचंय? पाण्यात उतरण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात

दिवाळीची सुट्टी जवळ आली की इन्स्टाग्रामवर एकाच प्रकारचे रील्स दिसू लागतात. हिरवट-निळं पाणी, माशांचा थवा आणि मास्क लावून कॅमेऱ्याकडे हात हलवणारा एखादा मित्र. लोकेशन : मालवण किंवा तारकर्ली.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली खडक आणि प्रवाळ आहेत. नवख्या पर्यटकांना इथे प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यात नेतात. त्यामुळे पोहता येत नसलं तरी चालतं. पण 'उथळ म्हणजे सुरक्षित' हा समज मात्र चुकीचा आहे.

उथळ पाण्यात धोका कसला?

समुद्रसपाटीला आपल्यावर १ वातावरण इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पुढे २० वरून ३० मीटरवर जाताना तो फक्त एक तृतीयांशाने वाढतो. शरीराला सर्वांत मोठा बदल जाणवतो, तो वरच्या थरातच.

सगळ्यात आधी कान दुखतात. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हळूच हवा कानांकडे ढकलायची. दुखायला लागण्याची वाट पाहायची नाही. कान मोकळे होत नसतील तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर हे जमतच नाही, म्हणून त्या दिवशी डाइव्ह रद्द केलेली बरी.

श्वास का रोखायचा नाही?

१० मीटरवर फुगवलेला फुगा वर येईपर्यंत दुप्पट होतो. फुफ्फुसांतली हवाही तशीच प्रसरण पावते. टाकीतली हवा घेऊन श्वास रोखला आणि घाबरून झटकन वर आलात, तर अगदी दीड-दोन मीटरच्या फरकानेही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून सलग, संथ श्वास घेत राहायचा.

आणखी एक गोष्ट. मोबाइलवर अंगठा म्हणजे लाइक, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

कधी जायचं?

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. पावसानंतर नद्या-खाड्यांचं गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ घ्या.

रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. चिपी किंवा मोपाहून विमानाने परतणार असाल, तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यास १८ तास थांबा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्यामुळे डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका.

बुकिंग करताना काय विचाराल?

फक्त दर विचारून थांबू नका. पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक असतील? त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का? बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचार पेटी आहे का? दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आदल्या रात्री आणि डाइव्हआधी दारू नको.

आणि प्रवाळाचं काय?

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते सजीव आहे आणि फार हळू वाढतं. एका फोटोसाठी त्यावर टेकवलेला पाय अनेक वर्षांची वाढ मोडू शकतो. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्रवाळाला संरक्षण आहे, त्यामुळे तुकडा आठवण म्हणून घरी आणणं हा गुन्हा ठरतो. मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड, बिस्किटं टाकणंही टाळा.

रील वीस सेकंदांचं असतं. ते प्रवाळ मात्र पुढच्या वर्षीच्या पर्यटकांसाठी आणि तिथल्या माशांसाठीही जागेवर राहायला हवं.