बीज आणि भूमी : पित्तनलिकेचा कर्करोग व त्याचा परिसर

कर्करोग म्हटला की अनिर्बंध वाढणाऱ्या पेशींचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कर्कपेशी हे बीज आणि भोवतालची ऊती ही भूमी, हा विचार इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली मांडला. बीज कसेही असो, ते रुजते अनुकूल भूमीतच. पित्तनलिकेच्या कर्करोगात याचा विशेष प्रत्यय येतो.

या गाठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कर्कपेशींचे पुंजके विरळ आणि त्यांभोवती तंतुमय ऊतीचे दाट जाळे आढळते. हे जाळे विणणाऱ्या तंतुपेशी आपल्याच शरीरातील असतात. जखम भरून काढणे हे त्यांचे मूळ कार्य. कर्कपेशी रासायनिक संदेश धाडून त्यांना जवळ ओढतात आणि त्या मोबदल्यात वाढीस पोषक द्रव्ये पुरवितात. संरक्षणासाठी आलेल्या भक्षकपेशीही फितूर होतात आणि टी-पेशींना गाठीबाहेर थोपवून धरतात. परकोट जणू शत्रूच्या कामी येतो.

याचे परिणाम निदानापासूनच जाणवतात. दुर्बिणीतून ब्रश फिरवून घेतलेल्या नमुन्यात पुरेशा कर्कपेशी न आल्याने अहवाल निर्दोष येऊ शकतो. केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही. उपचारांत, दाट ऊतीमुळे औषध आतवर पोहोचणे कठीण होते. जेमसिटाबिनला सिस्प्लॅटिनची जोड दिल्यास प्रगत रोगातील मध्यक आयुर्मान ८.१ वरून ११.७ महिन्यांवर जाते, हे २०१० साली सिद्ध झाले. २०२२ मधील चाचणीत त्यांत डुर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारे औषध मिळविल्यावर मध्यक आयुर्मान जेमतेम सव्वा महिन्याने वाढले. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट झाले.

मग हा तटच का पाडू नये? २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उंदरांत झालेल्या प्रयोगांत तंतुपेशी नष्ट केल्यावर रोग अधिकच आक्रमक झाला. म्हणजे हा तट कर्करोगाला काही अंशी कोंडूनही ठेवतो. त्यामुळे तो पाडण्यापेक्षा त्याचे वर्तन बदलावे, असा संशोधनाचा कल आहे.

बालरोगतज्ज्ञाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे, की ही भूमी वर्षानुवर्षांच्या दाहाने तयार होते. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून शरीरात जाणारे यकृतकृमी हा दाह घडवितात. आपल्याकडे बालवयात दिसणारे त्याचे एक कारण म्हणजे पित्तनलिकेची जन्मजात पुटी. अशा अनेक मुलांत स्वादुपिंडाचा रस पित्तनलिकेत शिरून तिचे अस्तर सतत चुरचुरत राहते. पूर्वी ही पुटी जागीच ठेवून आतड्याला जोडीत. परंतु कर्करोगाचा धोका तसाच राहतो म्हणून आता ती संपूर्ण काढून टाकतात. त्यानंतरही आयुष्यभर तपासणी आवश्यक असते.

वारंवार पोटदुखी, मधूनमधून कावीळ आणि पोटात उजवीकडे गाठ ही तिन्ही लक्षणे एकाच मुलात क्वचितच एकत्र भेटतात. म्हणून त्यांपैकी एक जरी पुन्हापुन्हा दिसले, तरी पालकांनी ‘जंत असतील’ म्हणून दुर्लक्ष करू नये आणि आपण डॉक्टरांनी सोनोग्राफीस विलंब लावू नये. बीज रुजल्यावर उपाय तोकडे पडतात. भूमी राखणे मात्र बालपणीच आपल्या हाती असते.