भिशीचे पैसे आणि ताजचा जिना

मैत्रिणींनो, भिशीचा नंबर लागला की पैशांना पाय फुटतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझा नंबर लागला. सोन्याच्या कुड्या करायच्या हे किती दिवसांपासून मनात होतं. कारंज्याच्या सराफाकडे नमुनाही बघून ठेवला होता. आणि त्या पैशांचं मी काय केलं? सासूबाईंना घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहून आले!

हसा खुशाल. आमच्या कामरगावात अजून हसताहेत. जाऊबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "झोपायला एवढे पैसे? घरी काय खाट नव्हती?" खरं सांगते, उत्तर मलाही सुचलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवून महिन्याकाठी माझ्या हातात जे येतं, त्याच्या दुपटीहून जास्त खर्च एका रात्रीत झाला.

गोष्ट अशी. माझे सासरे कारंज्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. 1975 च्या सुमारास मालकाबरोबर कापसाच्या कामासाठी मुंबईला गेले, तेव्हा त्यांनी ताज बाहेरून पाहिलं. आत फार मोठा जिना आहे, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "एक डाव तुले नेईन." नेणं काही झालं नाही. सासरे गेले त्याला नऊ वर्षं झाली. सासूबाईंचे गुडघे आता बोलायला लागलेत. भिशीचे पैसे मोजताना मनात आलं, कुड्या पुढच्या वर्षीही मिळतील, गुडघे नाही मिळायचे.

निघण्याआधी मी थोडं वाचून काढलं. मास्तरीणबाईंची खोडच ती! हे हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधलं. 16 डिसेंबर 1903 ला ते उघडलं. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला 1924 साली. म्हणजे वीस वर्षं बोटीतून येणाऱ्याला आधी दिसायचं ते ताजच. आराखडा आपल्या सीताराम खंडेराव वैद्यांचा. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराने ते पुरं केलं. हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि म्हणून वास्तुरचनाकाराने जीव दिला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती निव्वळ दंतकथा. जुना दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवलेला होता, घोडागाड्यांना सोयीचा म्हणून. आज त्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे. पॅरिसचे पोलादी खांब, बर्लिनची झुंबरं, अमेरिकेचे पंखे असं सामान जमशेटजींनी देशोदेशींहून आणवलं. उद्घाटनानंतर पाचच महिन्यांनी, मे 1904 मध्ये, ते जर्मनीत वारले.

पण मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. जमशेटजींची मोठी गिरणी मुंबईत नव्हती, आपल्या नागपुरात होती! एम्प्रेस मिल, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली. कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी, हा त्यांचा हिशेब. ती गिरणी आता बंद आहे. पण त्यांच्या वैभवाचा पाया तिनेच घातला. हे सासूबाईंना सांगितलं, तर पन्नास वर्षं वेचणी केलेली ती बाई चटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या कापसाचंच हाय थे!" त्यानंतर त्यांची भीती पळाली ती पळालीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पेरणीच्या आधी, शाळा उघडायच्या आधी. पावसाळ्याच्या तोंडावर खोलीचं भाडं जरा उतरतं, हेही ध्यानात ठेवा. आम्ही दोघं, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. एकच खोली, जादा खाटेचे पैसे वेगळे. जायचं मनात असेल तर भाड्यावरचा कर आणि सकाळची न्याहारी यांचं आधीच विचारून घ्या, सगळ्यांची आधारकार्डं जवळ ठेवा. मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी सकाळी पोचवते आणि खोली दुपारी दोनला मिळते. मधला वेळ आम्ही स्टेशनच्या प्रतीक्षालयात काढला. तिथेच सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं.

दारात सामानाची तपासणी होते. आमच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रखवालदाराने पिशवी अदबीने परत दिली आणि सासूबाईंना हात जोडले.

आत गेल्यावर लिफ्टकडे वळलो, तर सासूबाई थांबल्या. "मी जिन्यानंच येतो." मग आम्ही दोघी जिन्याने. ह्यांना आणि लेकीला पुढे पाठवलं. तो जिना कसा सांगू? मधोमध वर चढतो, मग दोन बाजूंना फुटतो आणि वर पाहावं तर थेट घुमट. सासूबाई दर चार पायऱ्यांनी थांबत होत्या, कठड्यावरून हात फिरवत होत्या. एका वळणावर बसल्याच. मी घाबरले, गुडघा धरला की काय! तर म्हणाल्या, "त्याहीनं सांगतलं त्याच्यापेक्षा मोठा हाय." एवढंच. डोळे मात्र पुसले नाहीत, पदर तोंडाशी धरून नुसत्या वर बघत राहिल्या.

खाली तळमजल्यावर 2008 च्या हल्ल्यात इथे गेलेल्या 31 जणांची नावं कोरलेली आहेत. लेकीने ती एकेक करून वाचली. पाहुण्यांना बाहेर काढता काढता इथल्या कित्येक नोकरांनी जीव गमावला. तेव्हाच्या मुख्य व्यवस्थापकांची पत्नी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर गेली, तरी ते गृहस्थ लोकांना सोडवण्याच्या कामातून हटले नाहीत. आगीत होरपळलेला हा जुना भाग 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडला. सासूबाईंनी तिथे वाकून नमस्कार केला, आम्हीही केला.

रात्री चादर बोटांत धरून त्या म्हणाल्या, "लांब धाग्याचा हाय. आपल्याकडचा नसंल." मग निवांत झोपल्या. मीच जागी! हिशेब काही डोळ्यांपुढून हलेना. कुड्यांचा नमुनाही आठवत होता, खोटं कशाला बोलू?

सकाळी बघते तर बाईंनी चारी अंथरुणांच्या घड्या घालून ठेवलेल्या. मी ओशाळले. खोली आवरायला आलेली मुलगी मात्र हसली, म्हणाली, "आजी, राहू द्या ना, हे माझं काम." सासूबाईंनी तिला खुर्चीवर बसायचा आग्रह केला, ती काही बसली नाही. "दिवसाला किती खोल्या करतं वं?" तिने आकडा सांगितला. सासूबाईंनी बोटं मोजली. "आम्ही किलोवर वेचत होतो, तू खोलीवर. कंबर दुखते का?" ती म्हणाली, "दुखते." मग माझ्या पर्समधली मलमाची डबी सासूबाईंनी तिच्या हातात ठेवली.

परत आल्यावर शेजारणी जमल्या. आत काय काय असतं, खायला काय होतं, समुद्र कसा दिसतो? सासूबाई प्रत्येकीला जिन्याचंच सांगतात, हात वर करकरून. जाऊबाईंनी परवा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पावसाळ्यात भाडं किती उतरतं म्हणालीस?"

माझी भिशी दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालीय. या खेपेला नंबर शेवटचा आहे.