जुन्या घरांतील विजेच्या तारा

कोहमारा हें मुंबई-कोलकाता महामार्गावरील, सडक अर्जुनी तालुक्यांतील गांव. येथील असो वा अन्य गांवचें असो, जुनें घर दुरुस्तीस काढलें म्हणजे कवेलूंखालीं किंवा भिंतीवर कांहीं अनोळखी तारा दृष्टीस पडण्याचा संभव असतो. त्या जिवंत आहेत कीं निर्जीव, हें न ओळखल्यास प्राणावर बेततें. म्हणून त्यांचीं लक्षणें विद्यार्थिवर्गास ठाऊक असणें इष्ट होय.

प्रथम तार बसविण्याची रीत पाहावी. चिनी मातीच्या गुटक्यांत धरलेल्या दोन सुट्या तारा, लाकडी पन्हाळींत घालून वर झांकण ठोकलेल्या तारा, आणि सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनीं आवळलेल्या तारा, ह्या तीन जुन्या रीती होत. त्यांचें वेष्टन बहुधा रबराचें, कित्येकदां वर सुती विणीचें असे. वर्षानुवर्षें उष्णता लागून रबर कडक होतें आणि हलवितांच त्याचे तुकडे पडतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचें वेष्टन त्यामानानें अलीकडचें.

तारेचा धातु चकाकणारा पांढरा दिसला, म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच असें समजूं नये. रबरांतील गंधक तांब्यास खातें, यास्तव तांब्याच्या तारेस कथिलाची कल्हई करीत. प्रवाह बंद करून जाणत्या कारागिरानें ती खरवडल्यास आंत तांबूस रंग दिसतो. हा भेद महत्त्वाचा. कारण तांबें आणि अ‍ॅल्युमिनियम नुसतीं पिळून जोडल्यास सांधा तापतो.

रंगावर मात्र विसंबूं नये. आपल्याकडे लाल, पिवळी व निळी तार जिवंत, काळी तटस्थ आणि हिरवी भूमीची, असा संकेत रूढ झाला. उलट विलायतेंत २००६ पासून नव्या कामांत तटस्थ तारेस निळा रंग सक्तीचा झाला. शिवाय हाताशीं असेल त्या रंगाची तार एखाद्यानें लाविली नसेल, असें कोणीं सांगावें?

सर्वांत फसवी गोष्ट फ्यूजची. पूर्वीं जिवंत व तटस्थ अशा दोन्ही तारांवर फ्यूज बसवीत. तटस्थ तारेवरील फ्यूज वितळला कीं दिवा विझतो. परंतु जिवंत तार तशीच राहते, इतकेंच नव्हे तर बटण चालू असल्यास दिव्यांतून पलीकडील तटस्थ तारही जिवंत होते. याच कारणास्तव १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीं भूमीस जोडलेल्या तटस्थ तारेंत असा एकटा फ्यूज घालण्यास मनाई केली. तात्पर्य, विझलेला दिवा हा निर्जीव तारेचा पुरावा नव्हे.

तेव्हां अनोळखी तार दिसतांच तीस स्पर्श न करितां मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावें. त्यानेंही आपलें परीक्षायंत्र आधीं जिवंत तारेवर पडताळून मगच ती तार तपासावी. २३० व्होल्टचा प्रवाह घराचें वय पाहत नाहीं. डोळ्यांनीं जितकें ओळखतां येईल तितकें अवश्य ओळखावें. हात मात्र सर्वांत शेवटीं लावावा.