उतारावर पाय चालवायचे की पाठ वाकवायची?

उतारावर दादाशी सायकलची शर्यत लागली तर तुम्ही काय कराल? जीव खाऊन पायडल मारत सुटाल, हो ना? मग आधी हा हिशेब बघा.

समजा, सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो. रस्ता दर १०० मीटरला ६ मीटर खाली उतरतो. गुरुत्वाकर्षण त्यांना साधारण ४७ न्यूटन बलाने खाली ओढतं. त्यातले चारेक न्यूटन टायरच खातात. उरलेल्या बलाशी झुंजते ती हवा! वेग दुप्पट झाला, की तिचा विरोध चौपट होतो. त्यामुळे वेग वाढता वाढता ओढ आणि विरोध सारखे होतात आणि वेग तिथेच स्थिरावतो. ताठ बसलेल्या स्वाराला हा वेग मिळतो ताशी सुमारे ४८ किलोमीटर. तोही पायडल न मारता!

आता पाय चालवू. समजा, १०० वॅट शक्ती लावली. एवढ्या शक्तीत सपाट रस्त्यावर तो ताशी २४ किलोमीटरने जातो. उतारावर मात्र ४८ चे जेमतेम ५२ होतात. कारण तिथे गुरुत्वाकर्षणच ६०० वॅटहून जास्त शक्ती पुरवत असतं.

उलट पाय थांबवले, छाती हँडलकडे झुकवली, कोपरं आत घेतली (बोटं ब्रेकवरच हं!) आणि हवेचा अडथळा पाव हिश्शाने घटला, तर वेग जातो ५६ वर!

दादाही वाकला तर मात्र तो पुढे जाईल. वजन दीडपट झालं, म्हणून हवेला अडणारं अंग काही दीडपट रुंद होत नाही. गॅलिलिओचं म्हणणं हवा नसती तर इथेही लागू पडलं असतं.

९ जुलै २०१६ ला ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत ख्रिस फ्रूमने हे दोन्ही उपाय एकदम केले. पिरेनीज पर्वतातल्या पेरसूर्द घाटाच्या माथ्यावरून त्याने अचानक धूम ठोकली. सीट सोडून तो चक्क दांडीवर बसला, छाती हँडलवर टेकवली आणि तशा अवघडलेल्या बैठकीतही पायडल मारत राहिला. पायथ्याशी तो १३ सेकंदांनी जिंकला!

पण अशा बैठकीत वजन पुढच्या चाकावर जातं, खड्डा आला तर सायकल सावरणं कठीण. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावर बंदी घातली. आता दांडीवर बसणारा स्वार शर्यतीतून बादसुद्धा होऊ शकतो.