जुन्या बंदुकीची निवड व परीक्षा

दफ्तरांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्यास कागदांच्या रुमालाबरोबर एखादी गंजलेली बंदूकही पुष्कळदां दाखविण्यांत येते. कागदाची तारीख, वळण, शिक्का पारखण्याची आपणांस संवय असते. बंदुकीपुढें मात्र घरधन्याची दंतकथा आपण निमूटपणें टिपून घेतों. शिंदखेड्याच्या बाजूस एका घरीं आम्हीं अशी एक बंदूक पाहिली. तापीपलीकडील थाळनेरच्या लढाईंत ती पूर्वजांच्या हातीं होती, असें तेथील वृद्धांनीं आम्हांस सांगितलें. ही लढाई ता. २७ फेब्रुवारी १८१८ ची. मंदसोरच्या तहानें होळकरांनीं खानदेश सोडल्यावर जनरल हिस्लॉप किल्ला ताब्यांत घेण्यास आला, त्या वेळीं ती झाली. परंतु आमच्यापुढील बंदुकीस टोपी बसविण्याची बोंडी होती, आणि टोपीच्या बंदुका इंग्रजी फौजेंतसुद्धां इ. स. १८४० च्या सुमारास रूढ झाल्या. तेव्हां कथा खोटी म्हणावयाची काय?

उत्तर देण्यापूर्वीं जातिभेद सांगणें अवश्य आहे. तोड्याच्या बंदुकीस जळता तोडा, म्हणजे जामगी, धरणारी दुबेळकी लोखंडी जीभ असते; चाप ओढला कीं ती रंजकाच्या वाटींत टेकते, आणि रंजकाचा विस्तव कानांतून, म्हणजे नळीच्या बुडाच्या बारीक छिद्रांतून, आंतल्या दारूस पोंचतो. हिची नळी लांब असून कुंद्यास कातडी वाद्यांनीं किंवा पितळी पट्ट्यांनीं जखडलेली असते. चकमकीच्या बंदुकीस उजव्या अंगास लोखंडी पत्रा असतो, त्यावर घोडा, घोड्याच्या तोंडांत गार, समोर पोलादी पाट. टोपीच्या बंदुकींत गार व वाटी दोन्ही जाऊन पोकळ बोंडी आली. तिन्ही ठासणीच्याच.

चकमकीची बंदूक भरण्यास व झाडण्यास जलद, म्हणून कवायती पलटणींनीं ती उचलली. महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयनें पलटणी उभारल्या, त्यांचें हत्यार हेंच. पण चांगली गार व कसदार कमान सर्वत्र मिळत नाहीं. तोड्याची बंदूक गांवचा लोहारही दुरुस्त करी. त्यामुळें नवी जात आल्यावर जुनी संपली, असें समजणें चुकीचें आहे. दोन्ही पुष्कळ काळ शेजारींशेजारीं नांदल्या. म्हणजे नवीन भागानें बंदुकीची वरची मर्यादा ठरते. जुना भाग एकटा कांहींच सिद्ध करीत नाहीं.

हाच न्याय ग्रंथांसही लागतो. शुक्रनीतींतील नालिकास्त्राच्या वर्णनावरून प्राचीन आर्यांजवळ बंदुका होत्या असें प्रतिपादन ऑपर्ट यांनीं इ. स. १८८० त केलें, व आपल्याकडील अनेकांस तें गोड वाटलें. आम्हांसही तरुणपणीं वाटलें होतें. परंतु त्या वर्णनांतील नालिकेच्या मुळाशीं आघातानें अग्नि उत्पन्न करणारें यंत्र व दगड आहे. ही चकमकीचीच कळ होय. ती फ्रान्सांत सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली. तो भाग त्याहून जुना असणें शक्य नाहीं.

आतां शिंदखेड्याची बंदूक. पत्रा पुसून पाहतां बोंडीच्या पुढें दोन मळसूत्रांचीं भोंकें लोखंडानें बुजविलेलीं दिसलीं. तेथें पूर्वीं पाट व त्याची कमान होती. अर्थात् चकमकीची बंदूक मागाहून टोपीची करून घेतलेली. घरची कथा त्यामुळें खरी ठरली नाहीं, पण अशक्यही राहिली नाहीं. टिपणांत आम्हीं एवढेंच लिहिलें.

संग्रहासाठीं दोहोंपैकीं एक निवडावयाची असेल, तर घासून चकचकीत केलेली टाकावी व गंजलेली, पण मूळ अवयवांची, घ्यावी. घासण्यानें अक्षरें आधीं जातात. कंपनीच्या पत्र्यावर हृदयाकृति चिन्ह असल्यास माल बहुधा इ. स. १८०८ च्या आधींचा, उभा सिंह असल्यास नंतरचा. ही खूण वाळूच्या एका हातानें नाहींशी होते. अमेरिकेंत गुराख्यांच्या काळचीं हत्यारें घेऊन नेमबाजी खेळणारीं मंडळें आहेत. तरफ खालींवर करून काडतूस चढविणारी, इ. स. १८७३ च्या नमुन्याची विंचेस्टर तेथें मोठ्या चोखंदळपणें निवडतात. त्यांस नवी नक्कल चालते, कारण त्यांस खेळावयाचें असतें. आपणांस ती चालत नाहीं.

हात लावण्यापूर्वीं बार भरलेला नाहीं ना, हें पाहावें. तोंड स्वतःकडे न करतां लांकडी गज हळूच आंत सोडावा, नळीच्या तोंडाशीं खूण करावी व तोच गज बाहेरून नळीस लावावा. टोंक कानापर्यंत न जातां चार बोटें अलीकडे राहिलें, तर बार आंत आहे असें धरून जाणत्यास बोलवावें. विस्तव जवळ आणूं नये. शतवर्षांची दारूही पेटते. इ. स. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें जुन्या घाटाचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें हत्यार दुरुस्तीनेंही चालण्याजोगें नसेल तरच सुटतें. वरील बंदूक दुरुस्तीनें चालेल असें दिसल्यावरून, ती संस्थेकडे मागण्यापूर्वीं पोलिसांकडे विचारणा करण्यास आम्हीं मालकांस सांगितलें, व नळीची लांबी, पत्र्याचें रेखाचित्र आणि बुजविलेल्या भोंकांचीं मापें घेऊन परत आलों.