उंच केलेल्या जीपचे अडणारे स्टेअरिंग

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील बैलबाजारासाठी दूरवर विख्यात आहे. परंतु यात्रेची गर्दी ओसरल्यानंतर, आणि विशेषेकरून पावसाळ्यातील शनिवार-रविवारी, सिद्धगड आणि गोरखगड यांच्या पायथ्याच्या गावांकडे जी वाहने या बाजूने जाताना दिसतात, त्यांत कारखान्यातून बाहेर पडली त्याहून चार बोटे उंच केलेल्या जीपगाड्या हल्ली डोळ्यांत भरू लागल्या आहेत. भातखाचरांच्या कडेने जाणारी गाडीवाट, मध्येच आडवा आलेला ओहोळ आणि त्यातले गोटे यांचा विचार करता ही उंची काही अगदीच हौसेखातर आहे असे म्हणता येणार नाही. तथापि गाडी उंच करण्याचा खर्च ज्याने आनंदाने सोसला, त्याच मालकाची काही महिन्यांनी ठरलेली तक्रार असते: स्टेअरिंग एका जागी अडते, पुढे मोकळे होते, पुन्हा अडते, वळण संपले तरी चाक आपोआप सरळ होत नाही, आणि खडबडीत वाटेवर हातात ‘कट्’ असा ठोका बसतो.

अशा वेळी बहुधा जे घडते ते असे, की टाय रॉडचे एंड बदलले जातात, मग स्टेअरिंग बॉक्स उघडला जातो, मग पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर संशय जातो, आणि हजारो रुपये खर्ची पडल्यानंतर दोष जिथे होता तिथेच राहतो. याचे कारण असे, की गाडी उंच केली म्हणजे नेमके काय उंच केले, हा पहिला प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

जीपसारखी गाडी म्हणजे मुळात दोन वस्तू आहेत. खाली लोखंडी सांगाडा, ज्यास गॅरेजात चॅसी म्हणतात, आणि त्यावर रबराच्या गाद्यांवर बोल्टांनी बसवलेली बॉडी. स्टेअरिंगचे चाक आणि त्याचा वरचा दांडा बॉडीला धरलेला असतो. ज्या बॉक्समुळे पुढची चाके वळतात तो मात्र चॅसीला धरलेला असतो. आणि या दोहोंना जोडणारा मधला दांडा, म्हणजेच स्टेअरिंग शाफ्ट, एक टोक बॉडीच्या स्वाधीन आणि दुसरे चॅसीच्या स्वाधीन अशा अवस्थेत आपले काम करीत असतो. आता पाट्यांखाली लांब शॅकल घालून किंवा उंच स्प्रिंगा बसवून गाडी उचलली, तर चॅसी आणि बॉडी दोन्ही एकत्रच वर जातात, त्यांच्यामधले अंतर तसूभरही बदलत नाही, आणि म्हणून या शाफ्टला उंचीची खबरसुद्धा लागत नाही. तेथे बिघडतो तो खालचा मामला, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा, ड्रॅग लिंकचा, उतार आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा कल. परंतु चॅसी आणि बॉडी यांच्या मध्ये ठोकळे घालून केवळ बॉडीच उचलली, तर शाफ्टचे वरचे टोक वर जाते, खालचे जागीच राहते, आणि तो दांडा ताणला जातो व त्याचा कोनही बदलतो. शाफ्टच्या तक्रारी बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत आढळतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली तरी अर्धी तपासणी झाली असे मी समजतो.

कोन बदलल्याने इतके काय बिघडते, हे समजण्यासाठी त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या युनिव्हर्सल जॉइंटकडे, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत ‘क्रॉस’कडे, जरा निवांतपणे पाहावे लागेल. दोन चिमटे आणि त्यांच्या मध्ये अधिकचिन्हासारखा एक तुकडा, एवढीच ही रचना. इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात सूर्याच्या निरीक्षणासाठीच्या उपकरणांविषयी लिहिताना तिचे वर्णन केले, आणि तेव्हापासून तिचे नाव त्याच्याशी जोडले गेले. या सांध्याचा गुण असा, की वाकलेल्या स्थितीतही तो गती पुढे पोहोचवतो. आणि अवगुण असा, की ती गती तो समान ठेवीत नाही. सांधा १५ अंशांनी वाकलेला असेल, तर आपण चाक एकसारख्या वेगाने फिरवले तरी पुढच्या दांड्याचा वेग शंभराला ९७ पासून १०४ पर्यंत खालीवर होतो, जे हाताला जाणवतही नाही. पण तोच कोन ३० अंश झाला, की वेग ८७ पासून ११५ पर्यंत हेलकावे खातो, आणि हे एका फेऱ्यात दोनदा घडते. म्हणजे तक्रार सांगताना मालक जे ‘अर्ध्या फेऱ्याला अडते’ असे म्हणतो, ते त्याने अजाणता केलेले अचूक निदानच असते.

कारखान्यात यावर योजलेला उपाय मोठा चतुर आहे. एका सांध्याने केलेली गडबड दुसऱ्याने निस्तरावी म्हणून मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे चिमटे एकाच पातळीत ठेवतात आणि दोन्ही कोन शक्य तितके सारखे राखतात. बॉडी उचलल्यावर कोन वाढतात, शिवाय विषम होतात. त्याहून घातक प्रकार असा, की शाफ्ट काढून पुन्हा बसवताना त्याचे एकात एक सरकणारे दोन भाग चुकीच्या खाचेत बसवले, तर चिमटे एकमेकांशी काटकोनात येतात. मग एक सांधा दुसऱ्याची चूक निस्तरण्याऐवजी तीत भर घालतो, आणि दोन्हीकडे ३० अंश कोन असल्यास वेगाचा हेलकावा शंभराला ७५ पासून १३३ पर्यंत जातो. म्हणून शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भागांवरून जाणारी पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ ओढून ठेवणे, ही अगदी फुकटची खबरदारी आहे. ती घेणारे मात्र थोडे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. म्हशाच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक बैलाचे दात पाहण्याआधी त्याला चार पावले चालवून पाहतो, त्याप्रमाणे येथेही पाना हाती घेण्यापूर्वी यंत्र चालताना पाहावे. इंजिन बंद ठेवून एकाने आसनावर बसावे आणि चाक केवळ दोन-तीन बोटे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने बॉनेट उघडून शाफ्टच्या प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने पंजा टेकवावा. वरचा चिमटा हलतो आणि खालचा क्षणभर थबकून मग हलतो, असे ज्या सांध्याशी दिसेल तेथे ‘प्ले’ आहे. हाताला बारीकशी टिकटिक लागते. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या सुयांसारख्या बेअरिंगा ग्रीसवाचून गंजल्या आहेत असे खुशाल समजावे. ओहोळातून गाडी काढायची, चिखल वाळू द्यायचा आणि मग महिनाभर ती उभी ठेवायची, हा शिरस्ता असलेल्या गाड्यांत हे हटकून दिसते. शाफ्टवर एखादा चकचकीत पट्टा उमटला असेल, तर तो एक्झॉस्टला किंवा चॅसीच्या कडेला घासतो आहे. काही गाड्यांत खाली क्रॉसऐवजी रबराचे कपलिंग असते. वाढलेल्या कोनात ते पिळवटून चिरते, आणि चिरा चाक वळवल्याखेरीज दिसत नाहीत.

एवढ्याने उलगडा न झाल्यास विभागणी करावी. पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर ठेवावी आणि बॉक्सच्या हातापासून, म्हणजे पिटमॅन आर्मपासून, ड्रॅग लिंक सोडवावी. चाक आता मोकळे फिरू लागले, तर दोष अ‍ॅक्सलकडे; किंगपिन किंवा बॉल जॉइंट जड झाले असतील. अजूनही अडते आहे, तर बॉक्सवरील क्रॉसचा बोल्ट काढून शाफ्ट वेगळा करावा आणि वरचा दांडा एकटाच फिरवून पाहावा. अशा क्रमाने गेल्यास आरोपी फार वेळ लपू शकत नाही. एक सूचना मात्र अगत्याने द्यावीशी वाटते: ज्या नव्या गाड्यांच्या चाकात एअरबॅग असते, तेथे शाफ्ट सोडवल्यावर चाक मर्यादेबाहेर गरगर फिरवू नये, आतली गुंडाळलेली फीत तुटते आणि स्टेअरिंगचा दोष सापडण्याआधी एअरबॅगचा नवा दोष पदरी पडतो. शाफ्ट सुटा असेतोवर चाक सीटबेल्टने बांधून ठेवावे, आणि वरचा दांडा पाहायचा झाल्यास मध्यापासून थोडाच फिरवावा.

जुन्या जीपांची कथा थोडी निराळी आहे. मुंबईत माझगावला १९४९ साली महिंद्रांनी विलीस जीप जुळवण्यास प्रारंभ केला. त्या घराण्यातील आरंभीच्या गाड्यांत स्टेअरिंगला असा सांध्यांचा शाफ्टच नसे. बॉक्सपासून चाकापर्यंत एकच लांब दांडा, त्यावर नळी, आणि ती नळी वर डॅशबोर्डाखाली पट्टीने आवळलेली. अशा गाडीची बॉडी ठोकळ्यांनी उचलली, की ती पट्टी नळीला वर ओढते, नळी किंचित वाकते आणि आतला दांडा तिला घासून जड होतो. परीक्षा पाच मिनिटांची आहे: डॅशखालच्या पट्टीचे बोल्ट सैल करावेत, चाक तत्क्षणी हलके झाले, तर पट्टी ठोकळ्यांच्या मापाने खाली आणली की काम झाले.

वळणानंतर चाक परत येत नाही, ही तक्रार मात्र फसवी आहे, कारण तिची दोन कारणे एकमेकांपासून फार दूर राहतात. जड झालेला क्रॉस हे एक. आणि लांब शॅकलमुळे अ‍ॅक्सलचा मागे झुकलेला कल, ज्यास कॅस्टर म्हणतात, तो कमी होणे हे दुसरे. ड्रॅग लिंक सोडवून चाक हलके फिरत असेल आणि तरीही रस्त्यावर गाडी चाक परत घेत नसेल, तर शाफ्टला दोष न देता पाट्यांखाली पाचरी घालून कल दुरुस्त करावा.

शाफ्ट अपुरा पडतो आहे असे आढळल्यावर जो उपाय सर्रास केला जातो, त्याबद्दल मला स्पष्ट बोलणे भाग आहे. मधोमध कापून, नळीचा तुकडा घालून, रस्त्याकडेच्या वेल्डिंगवर शाफ्ट वाढवणे हा जिवाशी खेळ आहे. लांब मापाचा तयार शाफ्ट घ्यावा. एकेरी क्रॉसला साधारणतः ३० ते ३५ अंशांपलीकडे वाकवू नये. त्याहून अधिक वाकवणे आवश्यकच असेल, तर जोडक्रॉस लावावा, आणि सांधे तीन झाल्यास मधल्या दांड्याला चॅसीवर बेअरिंगचा आधार द्यावा, नाहीतर तो दांडा फिरण्याऐवजी लोंबकळत राहतो. पुष्कळ वेळा याहून स्वस्त आणि शहाणा मार्ग म्हणजे ठोकळेच कमी उंचीचे घालणे. बॉडी उचलल्याने अ‍ॅक्सलचा गोळा जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. तो वर जातो केवळ मोठ्या टायरांनी. गाडीवाटेतला गोटा आदळतो तो बहुधा त्या गोळ्यावरच.

कायद्याची बाजूही दप्तरी नोंदवून ठेवलेली बरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नोंदणी-दाखल्यातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस गाडीखाली वाकतो तेव्हा रंगवलेले ठोकळे त्याच्या नजरेतून क्वचितच सुटतात.

दुरुस्तीनंतर शेवटचे लक्ष द्यावे ते क्रॉस आवळणाऱ्या बोल्टाकडे. हा बोल्ट दांड्यावरच्या एका खाचेतून जातो, आणि ती खाच हीच त्याची खरी पकड होय; शाफ्ट ताणलेला असल्यास क्रॉस दांड्यावर पुरता चढत नाही, खाच पुढे-मागे राहते, बोल्ट सरळ शिरत नाही, आणि घाईतला मिस्त्री तो हातोडीने ठोकतो. बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. नवा घालावा, कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळावा. मग चाके अधांतरी असताना आणि पुन्हा जमिनीवर टेकल्यावर, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कोठे अडत वा घासत नाही ना ते पाहावे. बोल्टाच्या डोक्यावरून क्रॉसवर उतरणारी रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, आणि पहिल्या खडतर सफरीहून परतल्यावर ती रेघ तुटली आहे की अखंड आहे, हे बॉनेट उघडून पाहावे.